कुठेही न थांबायची गाडी

केडगाव

आमच्या केडगावच्या घराच्या गच्चीवरून पुणे रस्ता दिसतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्या रस्त्याचा आवाज कानात आहे. ट्रकांचे हॉर्न, चढाला गिअर बदलणारी एसटी, पहाटेचे दुधाचे टेम्पो. त्या उन्हाळ्यात हा सगळा आवाज एकदम बंद झाला. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मात्र पहाटे दचकून जाग यायला लागली. सासूबाई म्हणाल्या की घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटतंय. मी त्यांना असं बोलू नका म्हणाले, पण मलाही तसंच वाटत होतं.

मी नगरमधल्या एका शाळेत मराठी शिकवते. टाळेबंदी लागल्यावर शिक्षकांना नाना कामं लावली होती, कुणाला नाक्यावर, कुणाला रेशनच्या दुकानात. माझ्या वाट्याला प्रवास आला. साखर कारखान्यांचं गाळप संपलं होतं आणि ऊसतोडीला आलेले मजूर पाचटाच्या झोपड्यांत, कोप्यांमध्येच अडकून पडले होते. त्यांना एसटीने गावी पोचवायचं ठरलं. तिकीट फाडायचं नव्हतं म्हणून गाडीवर कंडक्टर द्यायचा नव्हता, पण एक जबाबदार माणूस बरोबर हवा होता. पुणतांब्याच्या पलीकडच्या एका कारखान्यावरून मजूर घ्यायचे आणि शेवगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी सोडून त्याच दिवशी परत यायचं. वाटेत कुठल्याही गावात गाडी थांबवायची नाही, हे मला फोनवर दोनदा बजावलं.

याच जिल्ह्यात माझा जन्म गेला, पण शेवगावच्या पुढे मी कधी गेले नव्हते. सुट्टीत आम्ही कोकणात गेलो, एकदा केरळलाही गेलो. पूर्वेकडे जायचं आमच्या घराला कधी कारणच पडलं नव्हतं. नवऱ्याने विचारलं, नाही म्हणता येणार नाही का? सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांना साखर आणि रक्तदाब दोन्ही. त्यांच्यामुळे तरी नाही म्हणावं असं मलाही वाटत होतं. पण आमच्या शाळेतले सगळेच कुठे ना कुठे उभे होते. मी डब्यात दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी घेतली, दोन मास्क एकावर एक बांधले आणि निघाले.

डेपोत गाड्या ओळीने उभ्या होत्या. टपांवर लिंबाच्या पाल्याचा थर साचला होता. आमच्या गाडीचे ड्रायव्हर शेळके, पारनेरकडचे, पन्नाशीचे, सडपातळ. त्यांनी स्वतःच्या सीटमागे जाड प्लास्टिकचा कागद सुतळीने बांधून घेतला होता, कांद्याच्या चाळीवर टाकतात तसला. आतल्या प्रत्येक बाकावर एका जागेवर खडूची फुली होती. फुलीवर बसायचं नाही. पाटीवर गावाचं नाव नव्हतं, नुसतं ‘जादा’ लिहिलं होतं. मी कंडक्टरच्या जागेवर बसले. शेळक्यांनी कागदाआडून मागे वळून पाहिलं आणि म्हणाले की बाई, घरात कोन कोन हाय? मी सांगितलं. ते म्हणाले की त्यांची आईही म्हातारी आहे. मग त्यांनी गाडी सुरू केली.

पुणतांबा

नगर-मनमाड रस्त्यावर एरवी शिर्डीच्या गाड्यांनी श्वास घ्यायला जागा नसते. त्या दिवशी समोरून फक्त एक रुग्णवाहिका आली. ती जवळ आली तशी शेळक्यांनी गाडी पार कडेला घेतली आणि ती निघून गेल्यावरही काही वेळ तशीच ठेवली. राहुरीच्या स्टँडवर कुत्री फलाटांवर ओळीने झोपली होती. राहात्याला पेरूवाल्यांच्या मांडण्या रिकाम्या होत्या. आमची एसटी मात्र आपल्याच काचांचा खडखडाट करत चालली होती, आणि रिकाम्या गावांतून तो आवाज इतका मोठा वाटत होता की मला संकोच वाटू लागला. घरांची दारं किलकिली व्हायची, कुणीतरी बघायचं आणि दार लागायचं. लहानपणी एसटी आली की पोरं धावत यायची. आता एसटी दिसली की माणसं आत जात होती.

पुणतांब्याला गोदावरीचं पात्र आटून डबक्याडबक्यांचं झालं होतं. घाटावर कुणी नव्हतं, देवळांना कुलपं. नदी ओलांडून थोडं गेलं की ऊस तोडून मोकळी झालेली रानं लागतात, आणि त्यांच्या कडेला मजुरांचा तळ. पाचटाच्या कोप्या निम्म्या मोडून झाल्या होत्या. भांडी, कळशा, गोधड्या, तव्यांची बोचकी बांधून माणसं सकाळपासून उन्हात बसली होती. बैल आधीच ट्रकने गेले होते. टोळीचा मुकादम अंबादास, म्हणजे हे सगळे लोक ज्याच्या शब्दावर कामाला येतात तो, पुढे आला आणि माझ्यापासून बऱ्याच अंतरावर थांबला. त्याने नमस्कार केला आणि बिनदुधाचा चहा मागवला. मी नको म्हणाले.

डॉक्टर येऊन गेले होते. मला एक ताप मोजायची बंदूक दिली होती, ती मी प्रत्येकाच्या कपाळासमोर धरत होते. कारखान्याचा एक माणूस पाठीवर द्राक्षबागेतला फवारणीचा पंप लावून उभा होता. तो आधी बोचक्यांवर, मग माणसांच्या हातांवर औषध मारायचा. बायका डोळे मिटून हात पुढे करत होत्या. त्या औषधाच्या वासाने माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं.

गाडीत बसवताना पहिली अडचण आली. मी नवऱ्याला एका बाकावर आणि बायकोला दुसऱ्यावर बसवत होते. बापू नावाचा तरुण आणि त्याची बायको मंदा, दोघं गोंधळून उभे राहिले. बापूने हळूच विचारलं की चार महिने आम्ही एका कोपीत झोपलो, आता गाडीतच लांब बसून काय होणार? मी नियम आहे म्हणून सांगितलं. ते बसले. बापूची आई गयाबाई मागच्या बाकावर खिडकीशी बसली. साठीच्या आसपासची, काटक, कपाळावर हिरवं गोंदण. तिने तोंडात पदराचा बोळा धरला होता. मला वाटलं मास्क नाही म्हणून. मी तिला एक कापडी मास्क दिला. तिने तो घेतला, पण पदर तोंडातून काढला नाही.

गाडी हलली आणि तळ मागे पडला, तशी ती खोकायला लागली.

नेवाशाच्या अलीकडे

तो साधा खोकला नव्हता. आतून, खोलातून येणारा, थांबला असं वाटलं की पुन्हा सुरू होणारा. गाडीतलं बोलणं हळूहळू बंद झालं. तिच्या पुढच्या बाकावरची दोघं उठून पुढे आली. मग त्यांच्या पुढची. श्रीरामपूर मागे पडेपर्यंत गाडीचा मागचा अर्धा भाग रिकामा झाला होता आणि पुढच्या बाकांवर फुल्यांवरसुद्धा माणसं दाटीने बसली होती. मी उठून ओरडले, पण कुणी हलेना. मागे फक्त गयाबाई आणि तिच्याजवळ सरकलेले बापू आणि मंदा.

मी बंदूक घेऊन मागे गेले. तिच्या कपाळासमोर धरली, ताप दाखवला.  मग बापूच्या कपाळासमोर धरली, त्यालाही ताप. पुढे येऊन अंबादासला, माझ्या स्वतःच्या कपाळाला, सगळ्यांना ताप. गाडीचा पत्रा तापला होता, खिडक्यांतून भट्टीसारखा वारा येत होता, त्या उन्हात ती बंदूक काहीही सांगत होती. आता माझ्याकडे कळायचं काहीच साधन उरलं नव्हतं. फक्त तो खोकला होता.

त्यातच टायर बसला.

रस्त्याच्या एका बाजूला कालव्याच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस, दुसऱ्या बाजूला वस्ती. शेळके उतरले, बापू आणि आणखी दोघंतिघं स्टेपनी काढायला लागले. बायका किती वेळच्या कळ दाबून बसल्या होत्या, सगळ्या स्टँडांची स्वच्छतागृहं बंद. त्या उसाकडे निघाल्या. तेवढ्यात वस्तीकडून माणसं धावत आली. हातात काठ्या होत्या. बरीच लांब उभी राहून ती ओरडायला लागली की इथं थांबू नका, पुढे जा, उसात जाऊ नका, आमचं पाणी तिथूनच येतं. मी समजवायला दोन पावलं पुढे गेले आणि ती सगळी माणसं मागे सरली. काठ्या घेतलेली तरणीताठी माणसं, एका शिक्षिकेला बघून मागे सरली.  आजवर कुणी मला घाबरलं असेल तर वर्गातली मुलं, तीही गमतीने.

बायका अर्ध्या वाटेतून परत गाडीत येऊन बसल्या. काही तर रडत होत्या, आवाज न करता. टायर लागेपर्यंत एकही दगड आला नाही, पण तो येईल म्हणून मी सबंध वेळ मान खाली घालून उभी होते. पुढे ओढ्याच्या काठी, वस्ती नाही अशा जागी शेळक्यांनी न सांगता गाडी उभी केली आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून विडी ओढत राहिले.

तिथे अंबादास माझ्याकडे आला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी लिहून ठेवते. त्याच्या भरवशावर ही सगळी माणसं घर सोडून आली होती आणि ती परत नेऊन घालायची होती. तो म्हणाला की नेवाशाला सरकारी दवाखाना आहे, गयाबाईला आणि तिच्या माणसांना तिथे उतरवा. एकीसाठी सगळी टोळी गावाबाहेर राहील. बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी गयाबाईजवळ गेले. तिला कळलं होतं काय बोलणं चाललंय ते.

“मी काय आज न्हाई खोकत बाई,” ती म्हणाली. “दरसाल फडातनं येते तवा असंच. पाचटाचा धूर, धुरळा. पर आता कोन ऐकल? डागदर आलं तवा पदर चावून धरला हुता. म्हनलं, हितंच ठिवून जातील.”

तिचं खरं असेल असं मला वाटलं. नसेल असंही वाटलं. माझ्या डोळ्यांसमोर सासूबाई येत होत्या, देवघरासमोर बसलेल्या. मी शेळक्यांकडे पाहिलं, ते म्हणाले की तुमी सांगाल तसं. नेवाशाचा दवाखाना मला माहीत नव्हता. तिथे डॉक्टर असतील का, ठेवून घेतील का, नाही घेतलं तर त्या बंद गावात ही तिघं कुठे जातील? कुणीतरी मोठं तिथे असायला हवं होतं आणि ते मीच होते. मी सांगितलं की कुणाला उतरवायचं नाही. अंबादास काही बोलणार होता, मी म्हणाले की तिच्या आणि तुमच्या मध्ये मी बसते. आणि कंडक्टरची जागा सोडून गाडीच्या मधल्या बाकावर जाऊन बसले. त्याने लोक जरा शांत झाले. मी मात्र दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते.

दुपारी माणसांनी भाकरी सोडल्या. मंदाने बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा एका कागदावर ठेवून माझ्यापुढे केला. माझा डबा पिशवीत होता, पण तिच्यासमोर तो कसा काढावा? मी म्हणाले की आज माझा उपास आहे. तिचा चेहरा पडला. मग तिने बोचक्यातून भाजलेले शेंगदाणे काढले आणि म्हणाली, “हे तर चालतंय की उपासाला.” चालत होतं. मी ओंजळ पुढे केली. एकेक दाणा मी मोजून, घाबरत तोंडात टाकत होते, आणि ती समाधानाने बघत होती. दाणे खरपूस भाजलेले होते. इतके चांगले दाणे मी इतक्या भीतीने कधी खाल्ले नव्हते.

शेवगावच्या पुढे

कुकाणा गेलं, शेवगाव गेलं. शेवगावचा बाजार बंद होता, आडत दुकानांच्या शटरांवर ऊन पडलं होतं. त्यापुढे जमीन बदलली. हिरवं संपलं. उघडे माळ, तुरळक बाभळी, कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या, आणि रस्त्याच्या कडेला रिकाम्या टाक्यांपुढे ओळीत ठेवलेले हंडे. बाई कुणी नव्हती, नुसते हंडे रांगेत होते. आमच्याकडे नळाला पाणी उशिरा आलं तर आम्ही दिवसभर कुरकुरतो. गाडीतली माणसं मात्र हे माळ बघून उठून खिडक्यांशी आली. कुणी विहीर दाखवत होतं, कुणी मळा. मंदा म्हणाली, “आलं आमचं.”

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते कुठलंही असू शकलं असतं.

गावात शिरायच्या रस्त्यावर बोरीबाभळीच्या काट्यांचा पुरुषभर ढीग आडवा रचला होता. त्यापलीकडे माणसं उभी होती, तोंडाला उपरणी, रुमाल. शेळक्यांनी गाडी बरीच अलीकडे थांबवली. आम्ही येणार हे गावाला कळवलेलं होतं, पण आमच्या आधीच गावात बातमी पोचली होती की गाडीत खोकणारी बाई आहे. गाडीतल्याच कुणीतरी फोन केला असणार. मी चौकशी केली नाही.

सरपंचांचे यजमान बोलत होते. शांतपणे. ते म्हणाले की ही सगळी आमचीच माणसं आहेत, पण गावात डॉक्टर नाही, शेवगाव लांब आहे, एकाला झालं तर कुणाकुणाला उचलणार? गाडी माघारी न्या. मी परवानगीचा सरकारी कागद दाखवला. त्यांनी तो घ्यायला हात पुढे केला नाही.

बापू काट्यांपर्यंत गेला. पलीकडे त्याचा चुलता किसन उभा होता, गयाबाईचा सख्खा धाकटा दीर. बापूने नुसतं “आन्ना” म्हटलं. किसन म्हणाला, “बापू, माझ्या घरात बाळंतीण हाय. पंधरवडा बी न्हाई झाला. तू फुडं येऊ नको.” त्याचा आवाज कापत होता. तो पुतण्याकडे बघत नव्हता, त्याच्यामागे गाडीकडे बघत होता. गयाबाई खिडकीत बसली होती आणि तिने ते ऐकलं.

मी त्या वेळी त्या माणसांवर खूप चिडले. आपल्याच माणसांना काटे लावतात, असं माझ्या मनात आलं. ऊन कलायला लागलं होतं, गाडीतलं पाणी संपलं होतं, लेकरं पेंगुळली होती. शेळके माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले की माघारी नेलं तर कारखाना घ्यायचा न्हाई, तळ मोडलाय. म्हणजे ही गाडी कुठेच जाऊ शकत नव्हती. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका एसटीत एवढी माणसं घेऊन मी अडकले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचं ठिकाणच नव्हतं.

तेव्हा गयाबाई खाली उतरली. मास्क नीट बांधलेला, पदर डोक्यावर. काट्यांपासून लांब थांबून तिने विचारलं, “माळावरची साळा बंदच हाय न्हवं? मला तितं टाका. बाकीच्यांला कशापाई आडवता?”

माळावर, गावापासून हाकेच्या अंतरावर, जिल्हा परिषदेची शाळा होती. दोन वर्ग, पुढे व्हरांडा, आवारात लिंबाचं झाड. मला ती दिसत होती आणि सुचली नव्हती, मी स्वतः शिक्षिका असून. मुख्याध्यापक शेवगावला राहत होते. गावकऱ्यांकडून नंबर घेऊन त्यांना मी फोन लावला. ते कचरले, किल्ली त्यांच्याजवळ होती आणि त्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. मग म्हणाले की तुम्ही तोडा कुलूप, मी माझ्या वरिष्ठांना सांगतो, तुम्हीही सांगा. गावाशी पुन्हा बोलणी झाली. सगळेच दोन आठवडे शाळेत राहतील. गयाबाई एका वर्गात एकटी, बाकीचे दुसऱ्या वर्गात आणि झाडाखाली. गाव पाणी आणि शिधा आवाराच्या तोंडाशी असलेल्या दगडापर्यंत आणून ठेवेल. आरोग्य केंद्राच्या माणसांना बोलावून तपासणी होईल. सरपंचांच्या यजमानांनी मान हलवली. काटे मात्र त्यांनी काढले नाहीत, गाडी शेतातल्या चाकोरीने आत घ्यावी लागली.

कुलूप तोडायला किसनच आला, दगड घेऊन. तोडून झाल्यावर तो बाजूला झाला आणि गयाबाई त्याच्या समोरून आत गेली. त्याने तोंड फिरवलं, डोळे पुसले. थोड्या वेळाने गावातून पिठल्याचं पातेलं आणि भाकरीचं टोपलं आलं आणि दगडावर ठेवून माणसं लांब झाली. निघताना मी वर्गाच्या खिडकीपाशी गेले. गयाबाई फळ्याखाली भिंतीला टेकून बसली होती. मी म्हणाले की काळजी घ्या. ती म्हणाली, “तुमी जावा आता. तुमच्या घरची वाट बघत आसतील.”

परत

येताना मी दशम्या शेळक्यांना देऊन टाकल्या. दिवेलागणीला आम्ही नगरमध्ये शिरलो. घरी मी मागच्या जिन्याने गच्चीवरच्या खोलीत गेले, अंगावरचे कपडे बादलीत भिजवले आणि खाली न जायचं ठरवलं. सासूबाई जिन्याच्या पायथ्याशी येऊन बोलायच्या. मी त्यांना मागे व्हा, मागे व्हा म्हणायचे.

काही दिवसांनी शेवगावहून मुख्याध्यापकांचा फोन आला. गयाबाईची तपासणी झाली, काही निघालं नव्हतं. मी खोलीत एकटीच हसले. त्याच संध्याकाळी नवऱ्याने आल्याचा चहा जिन्यात आणून ठेवला. मी पेला तोंडाशी नेला आणि त्याला वासच नव्हता. मी उदबत्ती लावली. धूर दिसत होता, वास नाही. मी तिच्याकडे बघत बसले. मला एकदम सगळं समजलं आणि मला ते समजायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले, लागण निघाली, मग मला एका वसतिगृहात नेऊन ठेवलं. ताप फारसा आला नाही. भीती मात्र इतकी की रात्र-दिवसाचा फरक कळेना. ती माझ्यासाठी नव्हती. गाडीत मी मधल्या बाकावर बसले होते. जिला सगळे घाबरत होते ती मागे, आणि सगळ्यांच्या मधोमध मी. माळावरच्या शाळेतलं एकेक माणूस मला दिसायचं. ज्यांनी काटे लावले त्यांच्यावर मी चिडले होते, आणि त्या काट्यांपलीकडच्या बाळंतिणीच्या जवळ मी गेले नव्हते, हेच बरं झालं असं आता वाटत होतं.

गावाला कळवावं की नाही? कळवलं तर ते लोक आणखी किती दिवस त्या माळावर राहणार, आणि गाव त्यांचं काय करील? दिवसभर मी फोन हातात घेऊन बसले. शेवटी अंबादासला लावला आणि सांगितलं.   तो म्हणाला की बरं, सांगितलं ते बरं केलं, मी गावात सांगतो. शाळेतल्या सगळ्यांची पुन्हा तपासणी झाली. तिचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला लिहिता येणार नाही. जेवण यायचं, तसंच जायचं. शेजारच्या खाटेवरची बाई मला देवाचं नाव घ्यायला सांगायची.

निकाल आला तेव्हा फोनवर गयाबाईच होती, बापूच्या फोनवरून. कुणालाही काही नव्हतं. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या म्हणून असेल, नशीब म्हणून असेल, मला माहीत नाही. गावाने त्यांना घरी घेतलं होतं. मी काहीतरी माफीचं बोलायला लागले. तिने ते ऐकून घेतलं नाही. तिने विचारलं की तिथे तुम्हाला कुणी भेटायला येतं का? मी नाही म्हणाले. ती म्हणाली की मग मी रोज फोन करीन. आणि तिने केला.

घरी नवरा आणि सासूबाई दोघंही सुटले होते. शेळके सुटले नव्हते. ते मोठ्या दवाखान्यात होते, ऑक्सिजनवर. त्यांचा फोन त्यांची बायको उचलायची आणि जेवढ्यास तेवढं सांगायची, आज तसंच हाय, आज थोडं बरं हाय. तिला माझं नाव माहीत होतं. त्या गाडीत मी होते हे माहीत होतं. माझ्याकडून त्यांना गेलं की त्यांच्याकडून मला आलं, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं, आणि प्रत्येक फोनला मला वाटायचं की आज ती विचारेल.

मी घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी एका दुपारी त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला, पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, मोठा, थांबत थांबत येणारा. मी उभी होते ती खाली बसले.

“बाई,” शेळके म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. “डागदर आज बोलायचं न्हाई म्हनलेत. पर एक इचारायचं हुतं.”

मी विचारा म्हणाले. 

“तुमच्या सासूबाई बऱ्या हायत ना?”

बऱ्या आहेत, मी सांगितलं. आणि तुमची आई?

“बरी हाय,” ते म्हणाले. “लेकीकडं ठिवली हुती पहिल्या दिवसापास्नं.” मग पुन्हा बराच वेळ श्वासच ऐकू येत राहिला, आणि मीही फोन ठेवला नाही, आणि त्यांनीही ठेवला नाही.